कॅमेऱ्यामागची दुसरी जागा

धारवाडच्या सुभाष रोडवर बसून कुणी माहितीपट करायचं ठरवलं, तर कॅमेरा दोन फोनमध्ये मिळतो. भाड्याने येतो, सोबत तो चालवणारा मुलगा येतो, दिवे येतात, हवा असेल तर ड्रोनही येतो. अडतं ते त्यानंतर. ज्यांच्या घरी चित्रण करायचं ते वृद्ध गवई एका खिडकीच्या खोलीत बसतात. त्या खोलीतला उजेड कसा राखायचा, ऐंशीच्या घरातल्या चेहऱ्यावर किती सावली राहू द्यायची, गाणं चालू असताना कॅमेरा कधी हलवायचा आणि कधी अजिबात हलवायचा नाही, हे ठरवणारा माणूस सापडत नाही. महाविद्यालयं, प्रकाशक, संगीताच्या संस्था, लहान निर्माते, सगळ्यांची अडचण हीच आहे. असा छायालेखक निवडायचा कसा, आणि जवळपास नसेल तर घडवायचा कसा? प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याची बरीच उत्तरं याच मुलखाशी नातं असलेल्या माणसांच्या कामात सापडतात.

जी. बी. जोशींनी १९३३ साली सुरू केलेली मनोहर ग्रंथमाला सुभाष रोडवरची. तिच्या माळ्यावरच्या बैठकीत कीर्तिनाथ कुर्तकोटी आणि गिरीश कर्नाड यांच्या पिढीचं बरंचसं साहित्यिक आयुष्य गेलं. कर्नाडांचं पहिलं नाटक ‘ययाति’ १९६१ साली याच ग्रंथमालेने छापलं. पुढे हे कर्नाड चित्रपटात गेले. त्यांच्या चित्रपटांवर कॅमेरा सांभाळणाऱ्यांची नावं एकाखाली एक लिहिली, तर छायालेखक घडण्याच्या जवळजवळ सगळ्या वाटा त्यात दिसतात.

१९७० चा ‘संस्कार’ पट्टाभिराम रेड्डींनी दिग्दर्शित केला. पटकथा आणि मुख्य भूमिका कर्नाडांची. बहुतेक मंडळी रंगभूमीची, सिनेमाला नवखी, आणि कॅमेऱ्यामागे टॉम काउअन हा ऑस्ट्रेलियन. कर्नाटकातल्या अग्रहाराची भाषा, सोवळंओवळं, कर्मकांड यांतलं काहीच त्याच्या जन्माबरोबर आलेलं नव्हतं. तरी त्या कृष्णधवल चित्रपटातली घरं, ओसाड वाटा आणि नायक प्राणेशाचार्यांचा चेहरा यांत परकेपणा नाही. सेन्सॉरने आधी अडवलेल्या या चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘काडू’ (१९७३) कर्नाडांनी स्वतः दिग्दर्शित केला, तेव्हा कॅमेरा गोविंद निहलानींकडे होता. निहलानी बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून १९६२ साली छायालेखन शिकून बाहेर पडले आणि नंतर व्ही. के. मूर्तींच्या हाताखाली राहिले. ‘ओंदानोंदु कालदल्ली’ (१९७८) अपूर्व किशोर बीर यांनी चित्रित केला. ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, आणि ‘२७ डाउन’साठी विशीतच राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले. ‘उत्सव’ला (१९८४) अशोक मेहता होते. मेहतांकडे कुठल्या संस्थेची पदविका नव्हती. मुंबईत स्टुडिओच्या कँटीनमध्ये काम करत, दिवे उचलत, मग कॅमेरा विभागात शिरत ते वर चढले.

परदेशी, पॉलिटेक्निकचा, इन्स्टिट्यूटचा आणि स्टुडिओच्या फरशीवर शिकलेला. या चौघांपैकी कुणाची वाट श्रेष्ठ, असा वाद आपल्याकडे फार चालतो. इन्स्टिट्यूटवाले फरशीवाल्यांना अडाणी समजतात, फरशीवाले इन्स्टिट्यूटवाल्यांना पुस्तकी. मला हा वाद निष्फळ वाटतो, कारण त्यात खरी गोष्ट निसटते. चांगल्या छायालेखकांची चरित्रं पाहिली, तर जवळजवळ प्रत्येकात एक काळ असा सापडतो की तो माणूस दुसऱ्याच्या कॅमेऱ्याशेजारी उभा होता. निर्णय त्याचा नव्हता, पण प्रत्येक निर्णय त्याच्या डोळ्यांदेखत होत होता. ही दुसरी जागा आज हुबळी-धारवाडसारख्या शहरांत उरलेली नाही. कॅमेरे वाढले, कॅमेरामन वाढले, सहायकाची जागा तेवढी नाहीशी झाली. आपल्या अडचणीचं मूळ इथे आहे.

सुरुवातीपासून पाहू. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा भारतात ‘कॅमेरामन नेमणं’ शक्यच नव्हतं. नेमायला माणूसच नव्हता. वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारी चिमुकली फिल्म दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्र्यंबक तेलंग या स्नेह्याला कॅमेरा स्वतः शिकवला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागलेल्या चित्रपटाचा छायालेखक अशा रीतीने दिग्दर्शकाच्या घरातच तयार झाला. फाळके स्वतः कलाशिक्षण घेतलेले, छायाचित्रण आणि मुद्रण जाणणारे होते. शिकवणाऱ्याकडे जाण असली तर निवड आणि प्रशिक्षण ही दोन कामं एकच होऊन जातात, हे त्यातून दिसतं.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी याच्याही पुढची मजल मारली. विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास त्यांनी कॅमेराच जुळवला, आणि ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. महाराष्ट्र फिल्म कंपनीत नेमून दिलेलं एकच काम करणारा माणूस जवळपास नव्हता. दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम वणकुद्रे ही मुलं पडदे रंगवत, सामान वाहत, फिल्म धूत आणि रसायनाने हात काळे करून घेत. कॅमेऱ्यापर्यंत पोचेस्तोवर उजेडाचा पदार्थ म्हणून स्वभाव त्यांना कळलेला असे. बाबूराव मूळचे पडदे रंगवणारे चित्रकार, त्यामुळे उजेड कुठून येतो आणि कशावर पडतो याची शिकवण कंपनीत सतत चालू असणार, हे उघड आहे.

यातल्या शांतारामांचा हुबळीशी थेट संबंध आहे. किशोरवयात ते हुबळीत होते. तिथल्या रेल्वे कारखान्यात त्यांनी काम केलं आणि एका सिनेमागृहात पडेल ते काम केलं. तिथून कोल्हापूर, बाबूरावांची कंपनी, आणि १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’ फिल्म कंपनी. ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्याला गेली. ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) धायबरांच्या कॅमेऱ्याने टेलिफोटो भिंगातून टिपलेला राजगुरूचा डोळा आजही अभ्यासक्रमात दाखवला जातो. ‘प्रभात’ बंद पडल्यावर त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि १९७४-७५ मध्ये तिचे संचालक म्हणून बसले ते गिरीश कर्नाड. हुबळीच्या कारखान्यातून निघालेला एक मुलगा आणि सुभाष रोडच्या माळ्यावरून निघालेला एक नाटककार, दोघे वेगवेगळ्या काळात पुण्याच्या एकाच आवारात पोचले. देशातलं छायालेखनाचं सर्वांत नावाजलेलं शिक्षण त्या आवारात चालतं.

आता बंगळूरचं. धारवाड हे पुणे-बंगळूर महामार्गाच्या जवळजवळ मध्यावर आहे, दोन्हीकडे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. छायालेखन शिकवणाऱ्या दोन जुन्या ठिकाणांच्या मधोमध असूनही धारवाडच्या मुलाला यांतलं बंगळूरचं ठिकाण फारसं ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये १९४० च्या दशकातच छायालेखनाची पदविका सुरू झाली, म्हणजे पुण्याच्या इन्स्टिट्यूटच्या कितीतरी आधी. पुढे ती परंपरा बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या सरकारी फिल्म आणि टेलिव्हिजन संस्थेत गेली. मूर्ती पॉलिटेक्निकचे, निहलानी तिथलेच, आणि ‘चोमन दुडि’ व ‘घटश्राद्ध’चे एस. रामचंद्रही त्याच परंपरेतले.

मूर्तींची नेमणूक कशी झाली, हे प्रत्येक निर्मात्याने समजून घ्यावं. १९५१ च्या ‘बाजी’वर मुख्य छायालेखक व्ही. रात्रा होते आणि मूर्ती त्यांचे सहायक. एका गाण्यासाठी गुरुदत्तला अवघड, फिरता शॉट हवा होता. मूर्तींनी तो सुचवला आणि रात्रांनी मोठ्या मनाने त्यांनाच तो घेऊ दिला. तो पाहून गुरुदत्तने पुढच्या चित्रपटापासून मूर्तींना मुख्य छायालेखक केलं. मुलाखत नाही, शिफारस नाही. सहायकाच्या जागेवरून केलेलं एक काम दिग्दर्शकाने पाहिलं, आणि तिथून ‘प्यासा’, ‘कागज़ के फूल’, ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ हे सगळं घडलं. ‘कागज़ के फूल’मधला उजेडाचा तो प्रसिद्ध झोत बाहेरचं ऊन आरशांनी स्टुडिओत वळवून आणलेला होता. २००८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला; तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. त्यांचे सहायक राहिलेल्या निहलानींनी पुढे विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चं (१९७१) आणि श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’पासूनच्या चित्रपटांचं छायालेखन केलं, मग ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ दिग्दर्शित केले, आणि ‘तमस’ करताना कॅमेऱ्यावर मूर्तींनाच बोलावलं.

सहायकाची ही जागा नाकारली गेली तरी तिची ओढ काय करू शकते, याचं उदाहरण बंगालमध्ये आहे. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वार ‘द रिव्हर’साठी बंगालमध्ये आले तेव्हा सुब्रत मित्र या तरुणाला छायालेखक क्लोद रन्वार यांचा सहायक व्हायचं होतं. ते जमलं नाही. मग तो चित्रीकरण बघत उभा राहिला आणि दिवे कुठे ठेवले, कॅमेरा कुठे होता याच्या आकृत्या वहीत काढत गेला. विशी नुकतीच ओलांडलेल्या या मुलाने तोवर सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता, आणि सत्यजित राय यांनी त्याला ‘पथेर पांचाली’ दिला. ‘अपराजित’मध्ये बनारसच्या वाड्याचं अंगण स्टुडिओत उभारलं, तेव्हा मित्रांनी वर कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतवला, आणि आकाशातून झिरपणाऱ्या उजेडाचा भास निर्माण केला. आज कुठल्याही सेटवर थर्माकोलचा पांढरा ताव किंवा पांढरं कापड धरून ‘बाउन्स’ करतात, त्यामागे ही वही आहे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मित्र कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत शिकवत होते.

दक्षिणेत सहायक राहून शिकण्याची परंपरा अजून धडधाकट आहे. चेन्नईत पी. सी. श्रीराम यांच्या हाताखालून के. व्ही. आनंद, जीवा, तिरू अशी एक अख्खी पिढी बाहेर पडली. बी. आर. विजयालक्ष्मी अशोक कुमार यांच्याकडे सहायक होत्या आणि १९८५ च्या ‘चिन्न वीडू’पासून स्वतंत्र झाल्या. ‘कुट्टी स्रांक’साठी छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री, अंजुली शुक्ला, पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या आणि संतोष सिवन यांच्या सहायक होत्या. स्त्रियांच्या बाबतीत ही दुसरी जागा आणखी निर्णायक ठरते. कॅमेरा जड असतो, रात्री उशीर होतो, अशी कारणं सांगून मुलींना पहिली संधीच नाकारली जाते. सहायक म्हणून आत घेतलं की त्या कारणांचा फोलपणा महिन्याभरात दिसून येतो. २०१७ मध्ये भारतीय स्त्री छायालेखकांनी आपला समूह स्थापन केला. आता नाव शोधायचं असलं, तर ते सापडण्याची सोय आहे.

मराठीत काय दिसतं? ‘सैराट’चे छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी आंध्रचे, इन्स्टिट्यूटमधून आलेले, आणि करमाळ्याचं रान त्यांनी ज्या मायेने पाहिलं ते मराठी प्रेक्षकाला आपलंच वाटलं. पुढे त्यांनीच ‘नाळ’ दिग्दर्शित केला. अविनाश अरुण हेही इन्स्टिट्यूटचे. ‘किल्ला’त कोकणचा पाऊस त्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपला आणि दिग्दर्शनही स्वतःच केलं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला मृणाल देसाई होते, तर ‘द डिसायपल’ला मिहाऊ सोबोचिन्स्की हे पोलिश छायालेखक. म्हणजे ‘आपल्या मातीतलाच माणूस हवा’ हा आग्रह खरा ठरत नाही. टॉम काउअनपासून सोबोचिन्स्कीपर्यंतची नावं त्याविरुद्ध साक्ष देतात. बाहेरचा माणूस आला तर येऊ द्यावा. त्याच्या शेजारी आपल्या गावची दोन मुलं उभी राहतील, एवढी अट मात्र घालावी. तो आपलं कौशल्य सोडून जाईल, आणि मुलं त्याला सांगतील की धारवाडात श्रावणात ऊन दर पाच मिनिटांनी बदलतं, सकाळी दहापर्यंत मुख्य शॉट आटपून घ्यावेत, लाल मातीचा रंग चेहऱ्यावर चढतो, आणि जुन्या कौलारू घरांत दुपारी मागच्या दाराने येणारा उजेडच खरा कामाचा.

आता आपल्या शहराचा आज. हुबळी-धारवाडमध्ये व्हिडिओचा व्यवसाय लग्नांवर उभा आहे. त्याला हिणवायची फॅशन आहे, ती मला मान्य नाही. लग्नाचा कॅमेरामन जे करतो ते अवघड असतं. अक्षता पुन्हा टाकता येत नाहीत. गर्दीत, वाईट उजेडात, नातेवाइकांच्या धक्क्यात, बारा-चौदा तास उभं राहून त्याला एकदाच घडणारी गोष्ट पकडावी लागते. माहितीपटाला हेच अंग लागतं. त्याच्याकडे जे नसतं ते वेगळं आहे. संहिता वाचून चित्राचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर आलेली नसते. उजेडासाठी थांबण्याची मुभा त्याला कुणी दिलेली नसते. फोकस कॅमेरा आपोआप लावतो, त्यामुळे कुणाला धूसर ठेवायचं हा निर्णय त्याने कधी घेतलेला नसतो. आणि तो कायम एकटा असतो. सोबतचा मुलगा बॅटऱ्या चार्ज करतो आणि दिवा धरतो. दिवा तिथेच का धरायचा, हे त्याला कुणी सांगत नाही. दोन वर्षांनी तो मुलगा कर्ज काढून स्वतःचा कॅमेरा घेतो आणि त्याच अवस्थेत धंद्याला लागतो.

फिल्मच्या काळात हे होऊ शकत नसे, याला तांत्रिक कारण होतं. ३५ मिलिमीटरची चारशे फुटांची रीळ साडेचार मिनिटांत संपायची आणि निकाल लॅबमधून धुऊन येईपर्यंत दिसायचा नाही. फोकस पुलर टेपने अंतर मोजायचा, छायालेखक मीटरने उजेड मोजायचा, रीळ भरणारा वेगळा, ट्रॉली ढकलणारा वेगळा. एकट्याला जमणारंच नव्हतं, म्हणून हाताखालची जागा आपोआप तयार व्हायची, आणि चूक महाग असल्याने वरिष्ठाला शिकवावंच लागायचं. डिजिटलने खर्च कमी केला आणि त्याबरोबर ही सक्तीही गेली. मोठ्या शहरांत मोठं बजेट असल्याने टीम टिकली. छोट्या शहरात सगळं एका माणसात आटलं.

धारवाडच्या लोकांना ही जागा समजावून सांगायला फार बोलावं लागू नये. इथलं गाणंच तसं शिकलं गेलं आहे. सवाई गंधर्व कुंदगोळला राहत आणि गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने तालमीला जात. भीमसेन जोशी गुरुगृही राहून राबले. गुरूच्या मागे तंबोरा धरून बसलेला शिष्य मैफल आतून ऐकतो, कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला सहायक चित्र तसं आतून पाहतो.

निवडीचा व्यवहारही इथे स्पष्ट मांडायला हवा, कारण बहुतेक चुका पहिल्याच बैठकीत होतात. आपल्याकडे ज्याच्याकडे कॅमेरा त्याला काम, अशी रीत पडली आहे. मानधन आणि भाडं एकाच आकड्यात सांगितलं जातं, आणि स्वस्त आकडा निवडताना आपण खरं तर यंत्र निवडलेलं असतं. हे हिशेब वेगळे मागावेत: माणसाचं मानधन, कॅमेरा आणि भिंगांचं भाडं, दिव्यांचं आणि लाइटमनचं भाडं, आणि सहायकाचा मेहनताना. वेगळे मांडले की दिसतं, आपण माणसावर किती कमी खर्च करत होतो. पैसे तोकडे पडत असतील तर कॅमेरा साधा घ्यावा आणि माणूस चांगला.

शोरीलवर निर्णय करू नये. शोरीलमध्ये सगळ्यांचेच सूर्यास्त सुंदर असतात. एका प्रसंगाचं न कापलेलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं चित्रण दाखवायला सांगावं. त्यात कळतं की माणसाने किती वेळा जागा बदलली, किती टेक निव्वळ गोंधळात गेले, उजेड एका शॉटमधून दुसऱ्यात टिकला का. मग संहिता किंवा टिपण द्यावं आणि दोन दिवसांनी भेटावं. जो पहिल्या वाक्यात कॅमेऱ्याचं मॉडेल सांगतो त्याच्यापेक्षा जो ‘या बाई कुठल्या खोलीत बसतात, खिडकी कुठल्या दिशेला आहे?’ असं विचारतो तो कामाचा. शेवटी अर्धा दिवस प्रत्यक्ष जागेवर चाचणी घ्यावी आणि तिचे पैसे द्यावेत. आपल्याकडे एक खिडकी आणि एक वृद्ध माणूस पुरेसा आहे. खिडकीसमोर माणूस बसला की चेहरा काळा पडतो किंवा बाहेरचं अंगण पांढरं होऊन जळतं. उमेदवार माणसाला थोडं फिरवून बसवतो, समोर पांढरं कापड टाकतो, पडदा अर्धा ओढतो की लगेच मोठा दिवा मागतो, हे पाहावं. दिवा मागणं चूक नाही. आधी खोली बघितली का, हा प्रश्न आहे.

गाण्याचं चित्रण असेल तर आणखी एक कसोटी लावावी आणि ती धारवाडात सोडू नये. कॅमेरामनला समेची जाण आहे का? तान चालू असताना कॅमेरा तबलजीकडे वळला आणि सम हुकली, तर ते चित्रण पुढे कुणी दुरुस्त करू शकत नाही. त्याला गाता येण्याची गरज नाही, ऐकता यायला हवं. चाचणीच्या आधी त्याला दोन मैफली नुसत्या ऐकायला बोलवावं, कॅमेऱ्याविना. ज्याला हे कंटाळवाणं वाटेल त्याच्याकडे दुसरं काम द्यावं.

करार लेखी हवा, मग काम कितीही घरगुती असो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो, छायालेखक नव्हे. म्हणून श्रेयनामावलीत नाव कसं येईल, काम झाल्यावर त्याला काही दृश्यं स्वतःच्या नमुन्यात दाखवता येतील का, आणि रंगसंस्काराच्या वेळी तो हजर असेल का व त्याचे पैसे कोण देईल, हे आधीच ठरवावं. शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त विसरला जातो. छायालेखकाने सांज राखून घेतलेलं दृश्य कलरिस्टने दुपारसारखं लखलखीत करून टाकलं, अशी कामं कितीतरी आहेत. मूळ चित्रण दर संध्याकाळी किमान दोन ठिकाणी उतरवून ठेवणं आणि ते कुणाच्या ताब्यात राहील हेही त्याच कागदावर यावं.

शिकायला बाहेर जायचं असेल तर वाटा आहेत. पुण्याच्या इन्स्टिट्यूटचा पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम कष्टाचा आणि थोड्या जागांचा आहे. कोलकात्याला सत्यजित राय संस्था आहे. कर्नाटकातल्या मुलाला हेसरघट्टा जवळचं. पुण्याच्या संस्थेने २०१७ पासून वेगवेगळ्या शहरांत लहान मुदतीचे वर्ग घ्यायला सुरुवात केली, तसे वर्ग धारवाडात मागवता येतात. पण तीन आठवड्यांच्या वर्गातून छायालेखक तयार होईल अशी अपेक्षा ठेवू नये. वर्गातून मुलाला कळतं की काय शिकायचं बाकी आहे. शिकणं नंतर, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून, दोन-चार वर्षांत होतं. ती दोन-चार वर्षं मुलाने जगायचं कसं, याचं उत्तर जोवर निर्माता देत नाही, तोवर श्रीमंत घरची मुलंच सहायक होऊ शकतील. आपल्या भागात ती मुलं या धंद्यात येत नाहीत.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहारातली आहे. हुबळी-धारवाडमधली जी संस्था, महाविद्यालय किंवा प्रकाशन माहितीपटासाठी पैसे काढेल, तिने दोन सहायकांचा पूर्ण मेहनताना अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत लिहावा. एक मुलगा, एक मुलगी असे दोघे निवडावेत, शक्यतो लग्नाच्या व्हिडिओ धंद्यातले, म्हणजे हात तयार असतात. मुख्य छायालेखक पुण्याहून, बंगळूरहून, कुठूनही येवो. त्याच्याशी करार करताना लिहून घ्यावं की दर दिवसाच्या शेवटी तासभर तो या दोघांबरोबर त्या दिवसाचं चित्रण पाहील आणि किमान एक शॉट रोज त्यांच्यापैकी एकाकडून घेईल. रात्रा यांनी मूर्तींना दिला तसा. चित्रपट पूर्ण झाल्यावर त्या दोघांची नावं ‘सहायक छायालेखक’ म्हणून स्वतंत्र पाटीवर द्यावीत, आभाराच्या यादीत नाही, कारण पुढचं काम त्यांना त्या पाटीवरून मिळतं.

आणि विषयांचा तोटा नाही. कर्नाडांनीच १९७२ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी द. रा. बेंद्रे यांच्यावर माहितीपट केला. आज साधनकेरीचे बेंद्रे, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई यांच्या घरांची स्मारकं झाली आहेत. जी. ए. कुलकर्णी ज्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत, तिथे त्यांचे विद्यार्थी असलेली माणसं अजून या शहरात भेटतात. त्यांची वयं आता सत्तरीच्या आणि ऐंशीच्या घरात आहेत. पहिल्या कामासाठी ही माणसं घ्यावीत, आणि पावसाळा संपून उजेड स्थिर झाला की, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, सुरुवात करावी.